छोटी की मोठी: सडावाघापूरच्या घाटात लागलेला निकाल

सांगाडा मी जोडला. एक इंची चौकोनी पाइप, सगळे कोपरे पंचेचाळीस अंशांत कापून. त्यावरचा अठरा गेजचा पत्रा मी वाकवला आणि मीच बसवला. छताला तर एकच अखंड पत्रा आहे, मधे सांधा नाही, म्हणून तीन पावसाळ्यांत आत एक थेंब आलेला नाही. मागचं दार उघडलं की स्वयंपाकाचा ओटा सरकत बाहेर येतो, तो मी केला. त्या ओट्यात प्रत्येक भांड्याच्या मापाचा खाचा आहे, त्यामुळे कितीही खराब रस्ता असू दे, आमच्या गाडीत भांडं वाजत नाही. चाकावरच्या कमानीला चिकटून बसणारी चाळीस लिटरची स्टीलची पाण्याची टाकी मी केली. दिवसा बाक आणि रात्री पलंग होणारी फळी मी केली. दुसरी बॅटरी मी बसवली, तिच्या प्रत्येक वायरीला वेगळा रंग आणि वेगळा फ्यूज. खिडक्यांचे पडदेसुद्धा मीच शिवले, बायकोच्या मशीनवर. ती म्हणते टाके वाकडे आहेत. पण पडदा सरकतो, हे तीही कबूल करते.

इंजिन, गिअरबॉक्स आणि चारही चाकांना जोर देणारा तो आखूड दांडा, एवढं माझं नाही. ते लष्कराच्या लिलावातून घेतलेल्या मूळ गाडीचं.

मी विलास. कराडला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधतो. शिक्षण दहावी. गाडीत घर कसं बसवायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही. चुकत, कापत, परत जोडत शिकलो. हा ब्लॉग वाचून फोन करणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "फोर-बाय-फोर कॅम्पर करायची आहे, छोटी घेऊ की मोठी?" आजवर मी डोळे झाकून "छोटी" म्हणत आलो. या डिसेंबरात तोच प्रश्न माझ्या घरात उभा राहिला, आणि तो सोडवायला चार दिवसांची सहल करावी लागली. तिची ही हकीकत.

आमचा मुलगा फौजेत आहे, सध्या हिमाचलात वरच्या अंगाला. मे महिन्यात त्याला भेटायला गाडीनं जायचं ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं. सुनंदा, माझी बायको, हिची कंबर गेल्या वर्षापासून धरते. आमच्या गाडीत फरशीपासून छतापर्यंत उंची चार फूट एक इंच. दिवाळीनंतर एके दिवशी तिनं सरळ सांगून टाकलं.

"आवं, दोन-चार दिस मी वाकून काढीन. पंधरा-वीस दिस न्हाई जमायचं. उभं ऱ्हाता येईल अशी गाडी करा. न्हाईतर तुमी जावा तुमच्या गाडीनं, मी जाते रेल्वेनं. बगू पोराकडं आदी कोण पोचतंय."

ती चेष्टेत बोलली, पण बोलणं चेष्टेचं नव्हतं. छोटी ठेवली तर मी एकटा जाणार. तिला घेऊन जायचं तर छोटी विकायची आणि त्या पैशात मोठी बांधायला काढायची. दोन गाड्या पाळण्याइतकी ऐपत नाही.

इथं भूपालअण्णा आले. अण्णा सांगलीजवळचे, हळद आणि द्राक्षं करणारे, जैन घराणं. माझ्या हातच्या चार ट्रॉल्या त्यांच्या शेतावर आहेत, तेव्हापासूनची ओळख. शेती मुलाच्या हाती देऊन त्यांनी मागच्या वर्षी पुण्याहून मोठी फोर-बाय-फोर व्हॅन बांधून आणली. लांबी एकोणीस फूट, रुंदी सहा फूट दहा इंच, आत उंची सहा फूट तीन इंच. आमची छोटी तेरा फूट लांब आणि पाच फूट एक इंच रुंद. अण्णांना माझी गाडी आवडते, त्यांच्या बायकोला, पद्मावैनींना, त्यांची. तेव्हा अण्णांनीच सुचवलं, "चार दिस संगं फिरू. दोन दिस आपापल्या गाडीत, मग अदलाबदल. मग काय ते ठरीव."

पहिल्या दिवशी कराडहून पुसेसावळीमार्गे औंधला निघालो. हंगाम कारखान्यांचा, रस्त्यावर उसाच्या जोडट्रॉल्यांची रांग. नव्या माणसाला सांगून ठेवतो: नोव्हेंबर ते मार्च या भागात फिरणार असाल तर किलोमीटरवरून वेळ काढू नका, ट्रॉल्यांवरून काढा. छोटी अशा वेळी मांजरासारखी वाट काढते. अण्णांची मोठी मागं राहायची, मग सरळ रस्ता लागला की यायची. एका ट्रॉलीची मागची फळी मी लांबूनच ओळखली. माझी. नऊ वर्षं झाली तिला, एक वेल्डिंग सुटलेलं नाही. हॉर्न दिला तर ड्रायव्हरला वाटलं मी वाट मागतोय.

औंधला यमाईच्या डोंगराखाली मुक्काम केला, तिथल्या एका हॉटेलवाल्याला विचारून. डोंगरावर गाडीरस्ता आहे, दोन्ही गाड्या वर गेल्या, पण पायऱ्यांनीही जा, उतरताना गावाचा तळं आणि झाडीसकट सगळा पसारा दिसतो. संग्रहालय बघायचं तर सुटीचा वार आधी विचारून घ्या.

संध्याकाळी मी दार उघडून ओटा बाहेर काढला. सुनंदा बाहेर उभी राहून पिठलं ढवळत होती. मोठ्या गाडीत पद्मावैनींचा स्वयंपाक केव्हाच उरकला होता, कारण त्यांच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवायची रीत आहे. एक धोतरवाले आजोबा काठी टेकत आले. टोपीवरून आणि ताठ पाठीवरून कळलंच, फौजेतले.

मोठीकडे बघून म्हणाले, "ही काय रुग्णवाहिका हाय का?"

"न्हाई आजोबा, घर हाय. चाकावरचं."

"आन् ही बारकी?"

"ती पण घरच. मी सोता बांधलंय." मी जरा छाती काढूनच सांगितलं.

आजोबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. पत्रा ठोकून बघितला. खुशीत मान हलवली. मग सुनंदाकडे बघून म्हणाले, "घर झ्याक हाय गड्या. पर मग मालकीण बाहीर का उभी हाय?"

सुनंदा इतकी हसली की पिठल्याचा चमचा खाली पडला. पुढचे दोन दिवस ऊठसूट तिचं तेच. टोलनाक्यावर, पेढ्यांच्या दुकानात, "मालकीण बाहीर का उभी हाय?"

दुसऱ्या दिवशी रहिमतपूरवरून साताऱ्यात आलो. कंदी पेढे घेतले, दोन्ही गाड्यांत डिझेल-पेट्रोल भरलं. छोटी पेट्रोलवर लिटरला दहा देते, मोठी डिझेलवर आठच्या आसपास. म्हणजे इंधनात लोक समजतात तेवढा फरक नाही. फरक टायरमध्ये आहे. मोठीचा एक टायर घ्याल तेवढ्यात छोटीचे दोन येतात आणि वर चहाचे पैसे उरतात. साताऱ्यातून सज्जनगडाचा रस्ता धरून ठोसेघर केलं. धबधबा या दिवसांत नावापुरता असतो, तो बघायला पावसाळ्यात या. तिथून वर चाळकेवाडीचं पठार, पवनचक्क्यांचं.

ज्यांना फोर-बाय-फोर म्हणजे काय ते समजून घ्यायचं आहे त्यांनी या पठारावर यावं. डांबर सोडलं की पवनचक्क्यांच्या मधून मुरमाच्या वाटा जातात, पावसानं चिरलेल्या, मधे मोठाले धोंडे. मी आखूड दांडा ओढला, पहिला गिअर टाकला आणि क्लचवरचा पाय काढला. छोटी एकेक चाक उचलत, स्वतःच वाट शोधत वर गेली. आत एक भांडं वाजलं नाही. मोठीलाही चारही चाकांचा जोर आहे, ती कुठं अडली नाही, हे प्रामाणिकपणे लिहितो. पण तिचं शेपूट लांब. एका चरीतून वर येताना मागचा पत्रा खडकावर असा घासला की पद्मावैनी आतून ओरडल्या, "आवं, काय सांडलं का वो?"

अण्णा उतरले, ओरखडा बघितला आणि माझ्या गाडीकडे बघत म्हणाले, "विलास, तुझी शेळी हाय रं. माझी म्हस."

हे मी त्यांच्या तोंडून परत एकदा वदवून घेतलं, सुनंदा ऐकेल अशा आवाजात.

पण वारा. पठारावर संध्याकाळी जो वारा सुटतो तो माझ्या गाडीचा वैरी. ओट्याच्या तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा केलाय मी, तरी ज्योत आडवी होत होती. आमच्या चहाला उकळी येईपर्यंत पद्मावैनींचा चहा होऊन, पिऊन, कपबशा धुऊन झाल्या होत्या. सुनंदा डोक्याला शाल गुंडाळून, वाकून शेगडी झाकत होती.  तिनं बोललेलं मला चालतं, न बोललेलं जड जातं. सकाळी अण्णांनी सांगितलं की मोठी वाऱ्यानं रात्रभर हालत होती, "होडीत झोपल्यावानी." आम्ही ठेंगणे, जमिनीला धरून, गाढ झोपलो होतो. म्हणजे हिशेब अजून बरोबरीतच होता.

तिसऱ्या दिवशी अदलाबदल. अंथरुणं आणि कपड्यांच्या पिशव्या इकडच्या तिकडं केल्या. पद्मावैनी त्यांच्या भांड्यांचं गाठोडंही घेऊन आल्या, ते मात्र मी हातानंच थांबवलं.

"राहू द्या वैनी, ही माझ्या खाच्यात बसायची न्हाईत. वाटंनं खडखड करतील. माझ्या गाडीत सगळी भांडी हायत की."

 अण्णा तोवर गाडीत बसून हॉर्न वाजवत होते. वैनींनी गाठोडं परत मोठीत ठेवलं. भिडेखातर काही बोलल्या नाहीत, हे मला पुढं कळलं.

सातारा, उंब्रज, मल्हारपेठ, पाटण. रस्ता चांगला, पाटणला चहा आणि गरम वडा. मोठी चालवायला मला अर्धा तास अवघड गेली, मग हात बसला. वरून बसल्यावर उसाच्या तुऱ्यांवरून पलीकडचं दिसतं, हे सुख छोटीत नाही. सुनंदा शेजारी मांडी घालून बसली होती. मांडी! छोटीत तिचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात.

बेत असा होता की तीनच्या सुमाराला सडावाघापूरच्या पठारावर पोचायचं आणि स्वयंपाक करायचा. त्या दिवशी चतुर्दशी होती आणि पद्मावैनींचं एकासन, म्हणजे दिवसभरात एकदाच जेवायचं, तेही दिवस असताना. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं.

पाटणहून घाट चढायला लागलो आणि अर्ध्यावर वळणात पवनचक्कीच्या दुरुस्तीची एक भली मोठी क्रेन आडवी. तेलाचा पाइप फुटला होता. खाली पसरलेल्या तेलावर माती टाकत क्रेनचा ड्रायव्हर बसला होता.

"किती वेळ लागंल?" मी विचारलं.

"पाइप पाटणहून येतोय. आला की सुटलो."

मी टेप काढली. टेप माझ्या खिशात असतेच. क्रेनचं चाक आणि दरीकडचा कठडा यांच्यात अंतर पाच फूट दहा इंच.

ड्रायव्हर हसला. "मापं कशाला घेताय? ती बारकी जाईल. तुमचा ह्यो बंगला ऱ्हाऊ द्या हितंच."

छोटीचे आरसे मिटले. अण्णा स्टिअरिंगवर, मी पुढं उलटा चालत, दोन्ही हातांनी खुणा करत. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं मोकळी. गाडी क्रेनच्या पोटाखालून निघाल्यासारखी पलीकडं गेली. मागं अडकलेल्या दोन टेम्पोवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात लोकांनी माझ्यासाठी टाळ्या फार वेळा वाजवलेल्या नाहीत, त्यामुळे ते लिहून ठेवतो.

"आमी वर जाऊन जागा धरतो," अण्णा ओरडले आणि गेले. मी मोठीत येऊन बसलो. सुनंदाला म्हटलं, "बघितलंस?"

"बगितलं की," ती म्हणाली.

पाऊण-एक तासानं अण्णांचा फोन आला. रेंज तुटत होती, मागं वाऱ्याचं घोंघावणं.

"विलास, ओटा काढला बग. एका आडोशाला लावलीय गाडी. शेगडी पेटतीया. पर भांडी कुठं हायत रं?"

"खालच्या कप्प्यात, अण्णा. तवा, पातेली, कढई, समदं हाय."



"ती तुझी. आमची कुठं हायत?"

"तुमची हितं माझ्याकडं. पर अण्णा, माझी भांडी एकदम लख्ख हायत, काल मी सोता घासून..."

सुनंदानं कोपर मारलं. "आवं, कुणाला सांगताय? औंधाला त्याच कढईत सकाळी अंडी केलीसा तुमी!"

 ज्या घरात कांदा-लसूणसुद्धा चुलीवर चढत नाही, त्या घरच्या बाईला, उपासाच्या दिवशी, मी अंड्याच्या कढईत स्वयंपाक करा म्हणत होतो. आणि सकाळी त्या आपलं गाठोडं घेऊन दारात उभ्या होत्या.

"अण्णा, केळी हायत बघा पुढच्या पिशवीत," मी कसंबसं म्हटलं.

"केळ खाल्लं की बसणं झालं रं तिचं. मग उद्यापातूर काय न्हाई."

पलीकडून वैनींचा आवाज आला, "ऱ्हाऊ द्या वो, एक दिस न्हाई खाल्लं तर काय हुतंय?" त्या असं म्हणाल्या म्हणूनच मला जास्त लागलं.

"खाली येतो," अण्णा म्हणाले आणि फोन बंद झाला.

घाटाच्या त्या अरुंद रस्त्यावर माझी गाडी एका दमात वळते. मोठीला वळायला मागं-पुढं चार वेळा करावं लागलं असतं, तेही जागा मिळाली तर. थोड्याच वेळात छोटी क्रेनच्या पलीकडं येऊन थांबली. वैनी पदर खोचून, क्रेनला हात टेकत अलीकडं आल्या आणि थेट मोठीत चढल्या. घाटात वारा असा होता की क्रेनवाल्याच्या डोक्यावरचा टॉवेल उडून दरीत गेला. बाहेर ओटा काढून काही शिजवणं शक्यच नव्हतं. मोठीचं दार लावलं की आत वारा शून्य.

"सुनंदा, हात धू आन् भाकरी तू थाप," वैनी म्हणाल्या. "तुझा हात मऊ हाय. मी डाळ बगते."

बाहेर आम्ही तिघं: मी, अण्णा आणि क्रेनवाला. समोर ऊन डोंगराच्या कडेला टेकलेलं. क्रेनवाला म्हणाला, "आता सूर्य डोंगराआड गेला की मावळला म्हनायचं की न्हाई?"

"ह्या डोंगराआड गेला म्हंजे काय मावळला का?" अण्णा म्हणाले. "पंचांगात मावळंल तवा मावळंल."

"आमच्या म्हशी तर डोंगराआड गेला की घरला येत्यात."

"म्हशींनी कुठं पंचांग बगितलंय?"

दोघांचं असं चाललेलं, आणि मी आडोशाकडच्या उघड्या खिडकीतून आत बघत होतो. सुनंदा ओट्यापाशी उभी होती. सरळ. एक हात पिठात, दुसरा परातीला, पाठ कुठंही वाकलेली नाही. पद्मावैनी शेजारी, दोघींची कोपरं एकमेकींना लागत नव्हती. आणि ती बोलत होती. सुनेच्या, पोराच्या, हळदीच्या भावाच्या गप्पा, मधेच हसणं. माझ्या गाडीत तीन वर्षं स्वयंपाक करताना ती कधी बोललेली मला आठवेना. बोलणार कुणाशी? आम्ही आत बाकावर, ती बाहेर, आमच्याकडे पाठ करून, वाऱ्यात. घर मी बांधलं होतं आणि त्यात ती सोडून सगळ्यांना जागा केली होती. भांड्यांनासुद्धा.

तिनं मला बघितलं. "काय बगताय? आत या की. डोस्कं आपटत न्हाई हितं."

मूगडाळीची आमटी, भात, भाकरी, वर तूप. वैनी जेवून, हात धुऊन बसल्या तेव्हा समोरच्या कड्याच्या टोकावर अजून ऊन होतं. म्हशींच्या हिशेबानं उशीर झाला असेल, पंचांगाच्या हिशेबानं वेळेत. त्यानंतर आम्ही जेवलो, क्रेनवाल्यालाही भाकरी दिली. तो म्हणाला, "बंगला बंगलाच असतोय." मी त्याला आणखी एक भाकरी वाढली. पाइप आला, क्रेन सरकली, आणि आम्ही वर जाऊन दमून झोपलो.

सकाळी पठारावर पवनचक्क्यांची पाती हळूहळू फिरत होती. मी टेप घेऊन सुनंदाच्या मागं उभा राहिलो.

"मापं घ्यायला मी काय ट्रॉली हाय?"

"सरळ उभी ऱ्हा."

पाच फूट एक इंच. अंबाडा धरून पाच फूट तीन. वर दोन बोटं मोकळी हवीत. म्हणजे फरशीपासून पाच फूट पाच इंच पाहिजे, आणि माझ्याकडं आहे चार फूट एक. सोळा इंच कमी.

मोठी घ्यायचं मनात होतंच, नाही म्हणत नाही. पण रात्री डोक्यात दुसरंच आलं होतं. गाडी चालताना छत खाली, मुक्कामाला छत वर. चारी कोपऱ्यांत उचलणारे दांडे, मधे जाड ताडपत्रीचं कापड. मग ओटाही आत वळवायचा. रस्त्यावर पाच फूट एक इंच रुंदीची शेळी, मुक्कामाला मालकीण आत उभी. असं छत असलेल्या गाड्या बाहेर विकत मिळतात, पण माझ्या गाडीच्या मापाचं छत मलाच करावं लागणार. आणि त्यासाठी तो अखंड पत्रा, ज्याच्याबद्दल मी भेटेल त्याला सांगत असतो, तो मधून कापावा लागणार.

अण्णांना सांगितलं तर त्यांनाच दुखल्यासारखं झालं. "कापू नको रं. गळाय लागंल."

"मी केल्यावर गळणार न्हाई."

उतरून कराड, मग हायवेनं पेठनाका. तिथून डावीकडे इस्लामपूर-सांगली, उजवीकडे शिराळा. शिराळा सुनंदाचं माहेर, दुपारचं जेवण तिथं. मोठी एसटी स्टँडजवळ उभी करावी लागली, छोटी गल्लीतून थेट दाराशी गेली. मेव्हण्यानं गाडीत डोकावून बघितलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "काय दाजी, आमच्या अक्काला पेटीत घालून हिमाचलाला न्हेणार म्हणं?"

सुनंदा माझ्या आधी बोलली. "न्हाई रं. पेटीचं झाकण उगडणार हायत ते."

तिथंच कळलं की ती येणार. मी विचारलंही नव्हतं.

सांगलीत अण्णांच्या दारात अदलाबदल परत फिरवली, भडंग आणि ओल्या हळदीचं लोणचं घेऊन रात्र व्हायच्या आत कराडला पोचलो. चार दिवसांत छोटीला पेट्रोल साडेचार हजारांच्या आसपास लागलं, जेवणखाण घरचंच, मुक्कामाला कुठं पैसे पडले नाहीत. फक्त कुणाच्या जागेत उभी करताना विचारा, आणि सकाळी जागा झाडून निघा.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मी इथून पुढं डोळे झाकून "छोटी" म्हणणार नाही. चढ कोण चढतं, हा प्रश्नच नाही, दोन्ही चढतात. आधी हे बघा की स्वयंपाक कोण करणार, कुठं उभं राहून, आणि त्या माणसाची उंची किती. टेप त्याला लावा, गाडीला नंतर. मग रस्ता बघा. दोघंच असाल, गल्लीबोळ आणि घाट आवडत असतील तर छोटी घ्या आणि छत वर करून घ्या. चौघं असाल, एका जागी आठ-आठ दिवस राहणार असाल, पाऊस-वाऱ्यात फिरणार असाल तर मोठी, आणि मग क्रेनच्या मागं थांबायची तयारी ठेवा. आणि एक: बदल करायच्या आधी आरटीओची परवानगी घ्या, पत्र्याला हात नंतर लावा. मी दोन्ही वेळा घेतली, आरसी बुकात नोंद आहे.

परवानगी आली त्या आठवड्यात अण्णा ट्रॉलीच्या कामासाठी शेडवर आले होते. छतावर मी खडूनं रेघ मारली होती, कटर हातात होता. अण्णा गाडीभोवती फिरले, पत्र्यावरून तळवा फिरवला, सांधा शोधला, सापडला नाही.

"कापायच्या आदी मला दे," म्हणाले. "हाय तशी. खाच्यासकट, पडद्यासकट. तुला मोठी बांधायला पैसं हुतील, सुनंदावैनीबी उभ्या ऱ्हातील."

सुनंदा चहा घेऊन दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "माज्याकडं काय बगताय? तुमची गाडी हाय."

"आपली," मी म्हटलं, आणि रेघेवर कटर टेकवला.

अण्णांनी देऊ केले होते आठ लाख साठ हजार, रोख, त्याच दिवशी. मी नको म्हणालो.